अठ्ठावीस आले तर मानलं!

पत्रिकेत मंगळ निघाला, जुळत आलेलं स्थळ लटकलं... आणि मामांच्या द्राक्षबागेतून मी पोहोचले पुण्यात झालेल्या एका भन्नाट परीक्षेपर्यंत. 'माझं चुकत असेल तर ते मला कळणार कसं?' हा प्रश्न विचारायची सायन्सवाली सवय आपल्या रोजच्या कामाची आहे, बॉस!

रविवार, संध्याकाळचे सात. कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत मी आणि 'तो' तिसऱ्यांदा भेटत होतो. पहिली भेट दोन्हीकडच्या आई-बाबांसकट, पोहे, चहा वगैरे. दुसरी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला. तिसऱ्या भेटीत आम्ही भाड्याचा फ्लॅट की होमलोन यावर भांडत होतो, म्हणजे गाडी बरीच पुढे गेली होती! तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. तो बाहेर जाऊन बोलला. परत आला तेव्हा चेहरा पडलेला.

"अगं, तुझ्या पत्रिकेत मंगळ आहे म्हणे."

छत्तीसपैकी सव्वीस गुण जुळले होते. त्याची अंबडला बरी नोकरी, मी फ्रीलान्स का असेना, पण कमावती. दोघांनाही मिसळ झणझणीतच लागते. आणि मध्येच हा मंगळ!

घरी आल्यावर आईनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "त्यात काय एवढं? अमळनेरला मंगळ ग्रहाचं देऊळ आहे. एका मंगळवारी जाऊन अभिषेक करून येऊ. त्र्यंबकच्या गुरुजींनाही विचारते." बाबांनी पेपर आणखी थोडा वर धरला. ही त्यांची नेहमीची न्यूट्रल पोझिशन.

मी भडकले. "आई, हे सगळं थोतांड आहे!"

"तुला कसं माहीत?" आईनं विचारलं. अगदी साध्या आवाजात.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच बंद केलं. कारण खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. आईचा पत्रिकेवर विश्वास होता, माझा नव्हता. पण दोघींपैकी एकीनंही कधी ते तपासून बघितलं नव्हतं. ती तिच्या आईचं ऐकून बोलत होती आणि मी माझ्या कॉलेजच्या ग्रुपचं!

चार ओळी सोडायच्या

डोकं शांत करायला मी पुढच्या शनिवारी मामांकडे गेले. निफाड तालुक्यात त्यांची द्राक्षाची बाग आहे. मामा बारावीनंतर शिकले नाहीत आणि 'सायंटिफिक मेथड' हा शब्द त्यांनी बहुधा कधी ऐकलेला नाही. पण त्या दिवशी बागेत फिरताना त्यांनी मला जे सांगितलं, ते मला शाळेतल्या सायन्सच्या वहीत कधी सापडलं नव्हतं.

झालं असं, की कुठल्याशा नव्या टॉनिकचा विषय निघाला. मण्यांची फुगवण जबरदस्त होते, असं विकणारा सांगत होता. मी विचारलं, "मग मारलं का सगळ्या बागेवर?"

मामा हसले. "आगं पोरी, औषधवाल्याचं ऐकायचं, पण चार ओळी सोडून. आठ ओळी धरायच्या. एकाआड एक मारायचं. चार फवारलेल्या, चार कोऱ्या."

"एकाआड एक कशाला? सरळ इकडच्या चार मारायच्या."

"इकडं विहीर आहे ना! विहिरीकडच्या ओळींना पाणी जास्त, त्यांचे मणी तसेही फुगणार. मग टॉनिकनं फुगले का पाण्यानं, कसं कळायचं?"

मी गप्प. मामा पुढे सांगत होते. तोडणीच्या वेळी कुठली ओळ फवारलेली आहे, हे ते मजुरांना सांगत नाहीत. सांगितलं की नकळत त्या ओळीतले चांगले घड निवडून वर ठेवले जातात. आणि स्वतःच्या डोळ्यांवर तर त्यांचा अजिबात भरवसा नाही. "माझे पैसे गेलेले असतात ना, मला फवारलेले मणी मोठेच दिसतात. म्हणून काटा. काटा काय म्हणतो ते खरं."

आता बघा, एवढ्या गप्पांत काय काय आलं! कोऱ्या ओळी म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला गट. एकाआड एक म्हणजे विहिरीचा फायदा दोन्हीकडे सारखा वाटून टाकणं. मजुरांना न सांगणं म्हणजे मोजणाऱ्याच्या मनाचा कल बाजूला ठेवणं. आणि काटा म्हणजे मत नाही, माप! लॅबमधले पांढरे कोट, चंचुपात्र, बुडबुडे हे सगळं डेकोरेशन झालं. मूळ गाभा हाच, की आपण स्वतःला फसवू शकतो हे आधी कबूल करायचं आणि त्या फसवणुकीच्या वाटा एकेक करून बंद करायच्या.

चहा घेताना मी मंगळाचं सांगितलं. मामांचा पत्रिकेवर थोडाफार विश्वास आहे. पण ते म्हणाले, "मग पत्रिकेच्या चार ओळी सोडून कुणी बघितल्या का?"

प्रश्न भारी होता. आणि उत्तर होतं, हो. बघितल्यात. आपल्याच महाराष्ट्रात!

पुण्यातली परीक्षा

२००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांमध्ये 'ज्योतिर्विज्ञान' शिकवायचं ठरवलं आणि देशभर वाद पेटला. शास्त्रज्ञ म्हणाले, हे विज्ञान नाही. ज्योतिषी म्हणाले, तुम्ही अभ्यास न करता बोलता. म्हणजे माझं आणि आईचं भांडण, फक्त नॅशनल लेव्हलवर!

मग २००८ मध्ये चौघांनी ठरवलं, की वाद पुरे, परीक्षा घेऊ. हे चौघे म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे. घाटपांडे आधी स्वतः ज्योतिषी होते आणि नंतर ज्योतिषाचे टीकाकार झाले.

त्यांनी दावा असा निवडला, ज्यात संदिग्धपणाला जागाच नव्हती. पत्रिकेवरून माणसाची बुद्धी कळते, असं ज्योतिषी सांगतात ना? ठीक. समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळांमधून शिक्षकांनी हुशार म्हणून सांगितलेली मुलं निवडली आणि विशेष शाळांमधून बौद्धिक अक्षमता असलेली मुलं. पालकांकडून जन्मतारीख, वेळ, ठिकाण घेतलं. दोन्ही गटांतल्या शंभर-शंभर, अशा दोनशे पत्रिका सॉफ्टवेअरवर तयार केल्या. 'तुमच्या जीवनात चढउतार येतील' अशा गोलमाल वाक्यांना इथे थाराच नव्हता. हुशार की अक्षम, एवढंच सांगायचं.

पत्रिकांना नावाऐवजी कोड नंबर दिले आणि सगळं विद्यापीठात कुंटे सरांच्या ताब्यात ठेवलं. कुठली पत्रिका कुणाची, हे ज्योतिषांना माहीत नव्हतं आणि परीक्षा घेणाऱ्यांनाही त्या वेळी कळणार नव्हतं. मामांचे मजूर आठवले? इथे तर मजूरही अंधारात आणि मामाही अंधारात! याला 'डबल ब्लाइंड' म्हणतात. नवीन औषधांच्या मोठ्या चाचण्या शक्य तिथे अशाच घेतल्या जातात.

१२ मे २००८ ला पुण्यात पत्रकार परिषद घेऊन ज्योतिषांना जाहीर आमंत्रण दिलं. प्रत्येकाला दोनशेतल्या कुठल्याही चाळीस पत्रिका मिळणार. पास होण्याची रेघ होती चाळीसपैकी अठ्ठावीस. का? कारण डोळे मिटून नाणं उडवत उत्तरं दिली, तरी वीसेक बरोबर येणारच. पण नुसत्या नशिबानं अठ्ठावीस किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. म्हणजे अठ्ठावीस आले, तर काहीतरी आहे असं मानायला जागा!

एक्कावन्न ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या. महाराष्ट्रभरातून सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. एका ज्योतिष संस्थेनं तर सगळ्या दोनशे पत्रिका तपासून दिल्या.

चोवीसवाला हीरो

रिझल्ट ऐका. सगळ्यात जास्त गुण चोवीस, एकाच ज्योतिषाला. दोघांना बावीस. बाकी चोवीस जणांना वीस किंवा कमी. अठ्ठावीसच्या रेघेपर्यंत एकही पोहोचला नाही. एकूण अचूकता साधारण ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षा किंचित खालीच. आणि त्या संस्थेची दोनशेपैकी १०२ उत्तरं बरोबर: ५१ हुशार आणि ५१ अक्षम मुलं बरोबर ओळखली. हे सगळं मार्च २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात छापून आलं, पद्धत आणि आकड्यांसकट. कुणालाही तपासता यावं, चूक काढता यावी म्हणून.

"पण त्या चोवीसवाल्याला काहीतरी येत असणार ना!" माझी एक मैत्रीण म्हणाली. मलाही तसंच वाटलं होतं. मग रविवारी मिसळ खाताना आम्ही सात जणांनी प्रत्येकी चाळीस वेळा नाणं उडवलं. शेजारच्या टेबलावरचे काका आमच्याकडे बघून पार कन्फ्यूज! आमच्यातल्या एकाला पंचवीस छापे आले. त्याला आम्ही तिथल्या तिथे 'छापाचार्य' ही पदवी दिली आणि पावाची एक जास्तीची लादी मागवली. त्याला नाण्यातलं काय येतं? काही नाही. गणित सांगतं, की चाळीसपैकी चोवीस किंवा जास्त छापे शंभरातल्या तेरा-चौदा जणांना नुसत्या नशिबानं येतात. सत्तावीस जण नाणी घेऊन बसले, तर तीन-चार हीरो निघायलाच हवेत. ज्योतिषांमध्ये एकच निघाला.

इथे माझी ट्यूब पेटली. ऑफिसमध्ये ज्याच्या शेअर टिप्स खऱ्या ठरतात तो कलीग, 'अमक्या काढ्यानं माझा खोकला गेला' म्हणणारी मावशी, तमक्या क्रीमनं सात दिवसांत ग्लो आलेली मैत्रीण, हे सगळे आपले चोवीसवाले. त्यांच्या मागे किती जणांनी नाणी उडवली आणि किती जण गप्पपणे हरले, ते आपण विचारतच नाही. जिंकलेला बोलतो, हरलेला टेबल सोडून जातो.

गंमत म्हणजे तुमच्यापैकी कितीतरी जण ऑफिसात रोज ही काळजी घेता. ॲपवरचं बटण हिरवं की केशरी हे ठरवायला अर्ध्या लोकांना एक दाखवता, अर्ध्यांना दुसरं, आणि आकडे बघता. त्याला ए-बी टेस्टिंग म्हणता. बटणासाठी एवढं करतो आणि लग्नासाठी, तब्येतीसाठी, आयुष्यभराच्या सेव्हिंगसाठी? तिथे 'अमका म्हणाला' पुरतं!

पण... पण... पण!

एवढं हत्यार हातात आल्यावर मी आईवर तुटून पडणार होते. पण थांबले. कारण हीच पद्धत मलाही लागू होती.

पहिली गोष्ट, ही परीक्षा बुद्धीबद्दलच्या दाव्याची होती, मंगळाची नाही. तिच्यावरून 'मंगळदोष खोटा ठरला' असं म्हटलं, तर ती माझी लबाडी झाली. दुसरी, पालकांनी सांगितलेल्या जन्मवेळा चुकीच्या असू शकतात, असा आक्षेप कुणी घेईल. रास्त आहे. पण मग ज्योतिषीही रोज अशाच, पालकांनी सांगितलेल्या वेळांवर पत्रिका बघतात, त्याचं काय? तिसरी, सत्तावीस जण म्हणजे सगळे ज्योतिषी नाहीत. बरोबर. ज्याला शंका असेल त्यानं आणखी मोठी परीक्षा घ्यावी, कृती छापलेली आहेच. सायन्स 'विषय संपला' असं म्हणत नाही. 'आत्तापर्यंत एवढं दिसलं, पुढे तुम्ही दाखवा' असं म्हणतं.

आणि मोठ्या शास्त्रज्ञांनाही यातून सूट नसते. खुद्द नारळीकरांचंच बघा. विश्वाची सुरुवात महास्फोटानं झाली, हे त्यांना पटत नव्हतं. केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी वेगळी मांडणी केली. पण १९६५ मध्ये अवकाशातून सगळ्या दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञांचं पारडं महास्फोटाकडे झुकलं. नारळीकरांनी पुढे सुधारलेली मांडणी आणली, वाद घातला, गणितं मांडली. तरी बहुतेकांना ते पटलं नाही. एवढं मोठं नाव, पण नावाला गुण नाहीत. आकाश काय म्हणतं ते खरं, मामांच्या काट्यासारखं!

२०२१ च्या डिसेंबरात आपल्या नाशिकला ९४ वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा नारळीकरच अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नव्हते. मी तेव्हा आडगावला गेले होते खरी, पण पुस्तकांच्या स्टॉल्सवर हिंडून, सेल्फी काढून परत आले. त्यांनी असली परीक्षा घेतली होती, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. मे २०२५ मध्ये ते गेले. दाभोलकरांची तर २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेलेले असताना पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. आयुष्यभर लोकांना 'तपासून बघा' म्हणणारा माणूस. आपण कॅफेत बसून सहज प्रश्न विचारतो, तेव्हा हे आठवलेलं बरं.

तिसरा ज्योतिषी

मग मी आईशी पुन्हा बोलले. या वेळी आवाज न चढवता. कागदावर बारा घरं काढली. लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की मंगळ लागतो. म्हणजे बारातली पाच घरं. मंगळ सगळ्या घरांत साधारण सारखाच विखुरला जातो असं धरलं, तर शंभरातली चाळीसेक माणसं मंगळाची! आपल्या सोसायटीतली जवळजवळ निम्मी जोडपी बघ, मी म्हटलं.

आई विचारात पडली. मग म्हणाली, "तुझ्या मोठ्या आत्याचे बत्तीस गुण जुळले होते. काय झालं माहितीये ना." माझ्या अगदी जिभेवर आलं, 'बघ, बघ!' पण एका आत्यावरून काही ठरत नाही, हे मीच चार दिवस सगळ्यांना सांगत होते. बत्तीस गुणवाली सुखी जोडपी आईनं मोजलीच नव्हती. मीही नव्हती. तेव्हा आत्याचं उदाहरण मी सोडून दिलं. जीव तुटला, पण सोडलं.

दोन दिवसांनी आई भाजी घेऊन आली आणि पिशवी ओट्यावर ठेवतानाच म्हणाली, "मी पंचवटीत दुसऱ्या एका ज्योतिषांना पत्रिका दाखवून आले. आधीचे काय म्हणाले ते सांगितलंच नाही त्यांना. मुद्दामच."

मी उडालेच. "मग?"

"ते म्हणाले, मंगळ स्वराशीत आहे, दोष उरत नाही. खुशाल लग्न करा." आई मेथी निवडायला बसली. "म्हणजे दोघांपैकी एक जण तरी चुकतोय ना?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. आमच्या घरात हे क्वचित घडतं.

मी त्याला फोन केला, त्यानं त्याच्या आईला सांगितलं. त्यांचा निरोप आला: आपण तिसऱ्या ज्योतिषांना विचारू. बेस्ट ऑफ थ्री! मला हसूही आलं आणि थोडं रडूही. पण नाही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "चालेल काकू, पण आधीच ठरवूया का? तिसरे 'दोष नाही' म्हणाले, तर विषय संपला ना? आणि 'आहे' म्हणाले, तर चौथ्यांकडे का जायचं नाही?"

हे लिहीपर्यंत काकूंचं उत्तर आलेलं नाही. होमलोनचं भांडण मात्र आमचं रोज चालू आहे. तो म्हणतो, भाडंच परवडतं. मी म्हटलं, आकडे काढ, मग बोलू!

करून बघा: आठ ग्लासांचा खेळ

तुमच्या ग्रुपमध्येही एक जण असतोच, ज्याला म्हणे एका घोटात महागडी आणि स्वस्त वाइन ओळखता येते. नाशिकमध्ये तर असे गल्लोगल्ली! त्याची मजेत परीक्षा घ्या. ही आयडिया आमची नाही. दूध आधी घातलं की चहा आधी, हे चवीवरून ओळखता येतं असा दावा करणाऱ्या एका बाईंची गोष्ट रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं १९३५ च्या आपल्या पुस्तकात मांडली, आणि तिच्यावरून प्रयोगांची आखणी कशी करायची ते जगाला शिकवलं.

• आठ सारखे ग्लास घ्या. चारांत महाग, चारांत स्वस्त. वाइन नको असेल, तर दोन दुकानांचा चिवडा चालेल.

• ओतणारा एकटाच आत. ग्लासांच्या तळाला नंबर लिहून त्यानं क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. मग त्यानं बाहेर जायचं आणि ग्लास दुसऱ्यानं द्यायचे. ओतणाऱ्याचा चेहरासुद्धा उत्तर फोडतो!

• चव घेणाऱ्याला सांगा: चार महाग आहेत, कुठले ते निवड.

• किती आले तर मानायचं, ते ग्लासला हात लावण्याआधी कागदावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

• चार ग्लास निवडायचे सत्तर प्रकार होतात. म्हणून आठच्या आठ बरोबर यायची शक्यता नुसत्या नशिबानं सत्तरात एक. तसं झालं, तर त्याला सलाम ठोका. सहा बरोबर आले, तर घाई नको. सहा किंवा जास्त नशिबानं साधारण चारातल्या एकाला येतातच.

• हरला तर चिडवू नका. पुढच्या वीकएंडला त्यानं तुमची परीक्षा घ्यायची आहे!